स्मार्ट घराची हद्द आता विहिरीपर्यंत. पण वायरलेस कोणतं घ्यायचं?

उदयनगर (जि. देवास) : स्मार्ट होम म्हटलं की पुण्या-मुंबईचा फ्लॅट डोळ्यांसमोर येतो. आवाज दिला की दिवा लागतो, मोबाईलवरून गीझर बंद होतो. देवास जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ पट्ट्यात, उदयनगरसारख्या ठिकाणी, हा हिशेब जमत नाही. इथं घर गावात, विहीर शेतात आणि गोठा तिसरीकडेच. वाय-फायची धाव अंगणात संपते आणि खरी गरज त्याच्या पुढे सुरू होते.

ही गरज विजेच्या वेळापत्रकातून आली आहे. मध्य प्रदेशात गावाचा आणि शेतीचा फीडर वेगळा. घरात लाईट आहे म्हणून विहिरीवर असेलच असं नाही. शेतीला दिवसाला १० तास वीज, तीही पाळीनं. रात्रीची पाळी आली की टॉर्च घेऊन बांधावरून जायचं, विंचू-सापाची भीती बाळगत. खानदेश-विदर्भातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

सिमचा खर्च वाढला

यावर आजवरचा तोडगा म्हणजे सिमकार्डवाला मोबाईल स्टार्टर. मिस कॉल किंवा मेसेज दिला की मोटार सुरू. पण जुलै २०२४ मध्ये खासगी मोबाईल कंपन्यांनी दर वाढवले आणि स्टार्टरमधलं सिम जिवंत ठेवणं महागलं. डिसेंबर २०२४ मध्ये ‘ट्राय’नं फक्त कॉल-एसएमएसचा पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं, त्यानं थोडा दिलासा मिळाला. तरी बरेच जुने स्टार्टर २जीवर चालतात. जिओकडे २जी नाहीच, त्यामुळे त्यांचं सिम अशा स्टार्टरला चालत नाही. आणि डोंगराआड रेंज गेली की सगळंच ठप्प.

कमी बोला, लांब पोचवा

इथं ‘लोरा’सारखं लांब पल्ल्याचं वायरलेस कामाला येतं. तत्त्व सोपं आहे : माहिती अगदी थोडी आणि सावकाश पाठवायची, म्हणजे कमी ताकदीचा सिग्नलही मोकळ्या रानात काही किलोमीटर जातो. ‘वीज आली’, ‘मोटार चालू’, ‘टाकी भरली’ एवढ्यासाठी ते पुरेसं आहे. मोबाईल टॉवर लागत नाही, महिन्याचा रिचार्जही नाही. शेतातला कॅमेरा मात्र यावर चालणार नाही. मधे टेकडी आली तर पल्ला घटतो. म्हणून अँटेना उंचावर, माळवदावर किंवा टाकीवर बसवावा लागतो.

खरी मेख फ्रिक्वेन्सीत

भारतात या कामासाठी विनापरवाना मोकळा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा. आधी तो ८६७ पर्यंतच होता, २०२१ मध्ये वाढला. अमेरिकेत हाच पट्टा ९०२ ते ९२८ आहे. तिकडून पाहुण्यानं आणलेलं यंत्र बहुधा ९१५ वर चालतं. आपल्याकडे त्या भागात मोबाईल कंपन्यांची सेवा आहे, त्यामुळे ते वापरणं बेकायदा. युरोपचा मालही फसवा : त्याचे नेहमीचे चॅनेल ८६८.१ पासून सुरू होतात, म्हणजे आपल्या हद्दीच्या जेमतेम बाहेर. वाय-फायचाच लांब पल्ल्याचा भाऊ ‘हेलो’ खोक्यावर मोठा वेग दाखवतो. पण अमेरिकेतल्या २६ मेगाहर्ट्झच्या जागी इथं जेमतेम ३ आहेत, तो वेग इथं मिळायचा नाही. म्हणून खोक्यावर भारताचा पट्टा लिहिलाय का आणि दूरसंचार खात्याची ईटीए मान्यता आहे का, हे दोन प्रश्न दुकानदाराला आधी विचारावेत.

मोटारीची राखण विहिरीवरच

दुसरी गोष्ट सुरक्षेची. विहीर कोरडी पडली किंवा एक फेज गेला तर मोटार जळायला वेळ लागत नाही. ती बंद करण्याचा निर्णय विहिरीवरच्या स्टार्टरनं स्वतः घेतला पाहिजे. घरून निरोप यायची वाट बघून चालणार नाही. तसंच विहिरीवरच्या यंत्राला छोटी बॅटरी आणि घरच्या यंत्राला इन्व्हर्टर हवा. नाहीतर वीज गेल्याचं कळवणारं यंत्रच विजेसोबत गप्प होईल.

दिवसा वीज मिळणं हाच खरा उपाय, आणि सौर फीडरच्या योजना दोन्ही राज्यांत त्याच दिशेच्या आहेत. पण ती वीज बांधापर्यंत येईपर्यंत रात्रीच्या खेपा चालूच राहणार. त्यातल्या निम्म्या वाचल्या तरी घर ‘स्मार्ट’ झालं म्हणायचं.