एकच कोअर, मग लॉक कशाला?

'चिपला कोअर एक, काम एक. तिथे लॉक, अटॉमिक वगैरे सोवळं कशाला? इंटरप्ट आला की फ्लॅग लावा, मुख्य लूपमध्ये बघा, काही नसेल तर झोपा.' ताडोब्यातल्यासारख्या कॅमेरा ट्रॅपच्या ड्रायव्हरबद्दलचं हे तत्त्वज्ञान परवा पुन्हा ऐकलं. वर पुरवणी: 'एखादा फोटो हुकला तर हुकला, वाघ काही चंद्रपूर सोडून जात नाही!'

वाघाचं वकीलपत्र यांना कोणी दिलं कोण जाणे. आपण ड्रायव्हरपुरतं बोलू. लूपने फ्लॅग पाहिला: शून्य. आता झोपायचं. नेमका तेवढ्यात पीआयआर सेन्सरचा इंटरप्ट येतो, हँडलर फ्लॅग लावून परततो, आणि लूप 'आत्ताच तर पाहिलं' म्हणत डब्ल्यूएफआय चालवतो. समोरून वाघ चाललाय, फ्लॅग लागलाय आणि चिप घोरतेय. ती उठणार पुढच्या इंटरप्टला. तो चितळाचाही असेल. यात दुसरा कोअर कुठे आला? फट आहे ती तपासणं आणि झोपणं यांच्यामध्ये. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात, म्हणून गणनेत वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. एक जागा झाला नि दुसरा झोपला, की अर्धाच वाघ हाती लागतो.

'असं क्वचित घडतं' हेही ऐकवतात. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. तापलेलं गवत वाऱ्याने हललं तरी सेन्सर खोटे इंटरप्ट देत सुटतो. चिप सारखी उठते-झोपते आणि प्रत्येक झोपेला ती फट नव्याने उघडते. क्वचित म्हणे!

बाकीचं किरकोळ. इंटरप्ट बंद न करता मुख्य कोडने घरगुती स्पिनलॉक धरला आणि हँडलरही तोच मागू लागला, तर एकाच कोअरवर दोघेही कायमचे अडकतात. सतत जागं ठेवायचं? मग बॅटऱ्या बदलायला जंगलात तुम्हीच जा. 'लेव्हल ट्रिगर लावा, सगळं सुटेल' हा तर जुनाच वाद. पल्स विरल्यावर लेव्हल कसली उरते?

करायचं एवढंच. कॉर्टेक्स-एम चिपवर आधी इंटरप्ट मास्क करा, मग फ्लॅग तपासा, मास्क असतानाच डब्ल्यूएफआय चालवा. प्रलंबित इंटरप्ट असला तर मास्क असूनही चिप उठते. मग मास्क काढा, हँडलर चालेल. लिनक्सच्या बोर्डावर सस्पेंडआधी सेन्सरची लाइन वेकअपसाठी नोंदवा. हँडलर आणि बाकीचा कोड यांच्यातला डेटा इंटरप्ट बंद करणाऱ्या स्पिनलॉकखाली ठेवा. एसडी कार्डावर लिहिण्यासारखं रेंगाळणारं काम थ्रेडेड हँडलरकडे, म्यूटेक्स धरून.