शिकवणारी माता

आनंदीबाई जोशी यांचे मूल जन्मानंतर अवघ्या दहा दिवसांत दगावले. त्या दुःखातून वैद्यक शिकण्याचा निश्चय झाला. सातासमुद्रापार फिलाडेल्फियाला जाऊन १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तोही प्रसूतिशास्त्राचाच. ही कथा महाराष्ट्रात घरोघरी अभिमानाने सांगितली जाते. परंतु डॉक्टर घडतो कसा आणि त्याला घडवण्यात समाजाचा वाटा कोणता, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

गर्भवतीच्या पोटावर हात ठेवून बाळाचे डोके कोठे आहे, पाठ कोणत्या बाजूस आहे, डोके ओटीपोटात उतरले आहे की नाही, हे ओळखणे ही हाताची विद्या आहे. ग्रंथ तिची ओळख करून देतात, प्रशिक्षणाचे पुतळे सरावही करून देतात. पण पुतळा दचकत नाही, त्याला गार हात बोचत नाहीत, बराच वेळ उताणे झोपवल्याने त्याला भोवळ येत नाही. नजर पोटावर नव्हे, तर आधी आईच्या चेहऱ्यावर हवी, हा धडा केवळ जिवंत माताच देऊ शकते.

आजवर हा धडा दिला कोणी? प्रामुख्याने सरकारी व पालिकेच्या रुग्णालयांत येणाऱ्या गरीब भगिनींनी. पलंगाभोवती विद्यार्थ्यांचा घोळका जमतो, एकामागून एक हात पोटावर पडतात आणि अनेकदा तिला कोणी विचारलेलेही नसते. तिथे शिकलेला डॉक्टर पुढे सुखवस्तू घरांतील सुनांची बाळंतपणे करतो. त्या घरांतील स्त्रिया मात्र खासगी प्रसूतिगृहात जातात आणि विद्यार्थ्यांपासून दूरच राहतात. लाभ सर्वांचा आणि भार एकीचाच, हा कोणता न्याय?

२००४-०६ मध्ये देशात एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता मृत्युमुखी पडत. २०१८-२० मध्ये ही संख्या ९७ वर आली. महाराष्ट्रात ती १३० वरून ३३ झाली. या यशामागे असंख्य प्रशिक्षित हात आहेत, आणि त्या हातांमागे असंख्य अनाम माता आहेत. त्यांचे ऋण समाजाने मान्य करायला हवे.

ते फेडण्याचा मार्ग दुहेरी आहे. पहिला संमतीचा. तपासणीला दिलेली संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले. त्याच न्यायाने, उपचारासाठी आलेली स्त्री शिकवण्यासाठीही आली आहे, असे गृहीत धरता येणार नाही. २०१९ पासूनच्या वैद्यकीय अभ्यासक्रमात नीती आणि संवाद यांना स्थान मिळाले आहे. ते खाटेपाशी दिसले पाहिजे. दुसरा मार्ग स्वेच्छेचा. सुशिक्षित घरांतील निरोगी गर्भवतींनी आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने वैद्यकीय वा परिचर्या महाविद्यालयात एखादा तास विद्यार्थ्यांसाठी द्यावा. विद्यार्थी मोजकेच असावेत, शिक्षक समोर असावा, सोबत घरचे माणूस असावे, तपासणी पोटापुरती असावी आणि कोणत्याही क्षणी ‘पुरे’ म्हणण्याचा अधिकार तिच्याकडेच असावा. तिची नेहमीची तपासणी मात्र वेगळी आणि पूर्ण व्हावी. घरच्यांनी तिला आग्रह करू नये. दान मागून घ्यायचे नसते.

मरणोत्तर देहदानाचा संस्कार महाराष्ट्रात रुजला आहे. देहदान मृत्यूनंतरचे, हे विद्यादान नव्या जन्माच्या उंबरठ्यावरचे. डोहाळजेवणाच्या कौतुकात या एका तासाची भर पडली, तर उद्या कुठल्याशा आडगावी अवघडलेल्या एखाद्या मातेच्या पोटावर विसावणारा हात जाणता असेल आणि हळुवारही असेल.