लोखंडाचेही ऐका

धातुशोधक यंत्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोहरांनी भरलेला हंडा उभा राहतो. युरोपातल्या शेतांतून हे यंत्र घेऊन हिंडणाऱ्या हौशी मंडळींचेही बहुधा तसेच होते. त्यांचा खरा वैरी लोखंड. जुन्या वस्तीच्या जागी पावलोपावली गंजके खिळे, नाल, तारांचे तुकडे. यंत्र सारखे कुरकुरते आणि माणूस वैतागतो. म्हणून लोखंडाचा आवाज बंद करण्याची सोयच यंत्रात असते. बटण फिरवा, लोखंड मुके!

माझा वाद या बटणाशी आहे. यंत्राची चकती जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र सोडते, त्याने धातूत वीजप्रवाह खेळतो आणि त्याचा पडसाद यंत्र टिपते. नाण्याला खेटून खिळा असला की दोघांचे पडसाद एकमेकांत मिसळतात आणि खिळ्याबरोबर नाणेही गप्प होते. (लहान चकती सावकाश फिरवली तर थोडा फरक पडतो, पण तेवढा धीर कोणाला?) मात्र नाण्याचे एक वेळ जाऊ द्या.

इ. स. पूर्व २०८ मध्ये स्पेनमधील बेकुला येथे रोमन सेनापती स्किपिओ आणि हॅनिबलचा भाऊ हसद्रुबल यांची लढाई झाली. ती नेमकी कोठे, यावर विद्वानांत मतभेद होते. एकविसाव्या शतकात स्पॅनिश संशोधकांनी हाएन प्रांतातील सांतो तोमे गावाजवळचा डोंगरपट्टा या यंत्रांनी पिंजून काढला आणि वस्तू जेथे मिळाली ती जागा नकाशावर टिपली. शस्त्रांचे अवशेष मिळालेच. पण रोमन फौज कोणत्या वाटेने चालून गेली हे सांगितले ते सैनिकांच्या वहाणांतून गळलेल्या लोखंडी खिळ्यांनी. पॉलिबियस आणि लिव्ही यांच्या ग्रंथांत स्किपिओ आहे. वहाणेचा खिळा गमावून तसाच चढत गेलेला शिपाई तिथे नावानिशी कोठून असणार? लोखंडाचा आवाज बंद ठेवला असता, तर तो जमिनीतही सापडला नसता.

प्रत्येक खिळा उकरणार कोण, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परवाच्या कुंपणाचा खिळाही लोखंडीच, आणि यंत्राला वय कळत नाही. म्हणूनच हे काम जाणत्यांनी, नकाशा हाती घेऊन करायचे. जागा न टिपता खिशात टाकलेला खिळा भंगारच. आपल्याकडच्या १८७८ च्या निखात निधी कायद्यात तर दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तरच कलेक्टरला कळवण्याचे बंधन आहे. या हिशेबात आपला खिळा कधी बसायचा?

तेव्हा मित्रहो, पुढच्या सहलीत एखाद्या किल्ल्यावर पायाखाली गंजका खिळा दिसला, तर उचलू नका. आहे तिथेच राहू द्या आणि सरांना हाक मारा.