विषाच्या बाटलीवरील नवा चौकोन

कपाशीवरील तुडतुड्यांकरितां औषध घेऊन गांवीं जावें म्हणून गेल्या पंधरवड्यांत आम्ही धंतोलीहून निघून एका दुकानांत गेलों. बाटलीच्या वेष्टनावर ज्यास क्यूआर कोड म्हणतात तो काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन होता. दुकानदार म्हणाला, “काकाजी, मोबाईल धरा, सारी माहिती आंत आहे.” धरला. उघडलें तें कंपनीच्या जाहिरातीचें इंग्रजी पान! विष पोटांत गेल्यास काय करावें, ह्याचें एक अक्षरहि त्यांत नव्हतें. वेष्टनावरचा मराठी मजकूर तर इतका बारीक कीं, चष्मा असूनहि वाचवेना.

चौकोनास आमचा विरोध नाहीं. १९९४ सालीं जपानांत मोटारीच्या सुट्या भागांची नोंद सुलभ व्हावी म्हणून मासाहिरो हारा यांनीं तो शोधून काढला. चौकोनाचा कांहीं भाग मळला अगर फाटला तरी तो वाचतां येतो. केंद्र सरकारनें २०२३ सालीं सुरू केलेल्या ‘साथी’ व्यवस्थेंत बियाण्याच्या पिशवीवरील चौकोनावरून तें कोठून आलें हें कळावें असा हेतु आहे; आणि बोगस बियाण्यानें पोळलेल्या विदर्भास तें हवेंच आहे.

परंतु बियाणें पारखावयाचें तें दुकानांत; विष हाताळावयाचें तें शेतांत. २०१७ च्या खरिपांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. पाठीवर पंप घेणारा बहुधा मजूर असतो. त्याच्याजवळ मोबाईल असलाच तर तो धुऱ्यावर भाकरीजवळ ठेवलेला. आणि विषानें ओले झालेले हात त्यास लावूं नयेत हेंच बरें. अशा माणसास डोळ्यांस दिसणारी खूणच उपयोगी. बाटलीवर जो तिरपा चौकोन असतो त्याचा खालचा अर्धा भाग तांबडा असल्यास विष अत्यंत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटीं हिरवा. ही खूण वेष्टनाच्या दर्शनी भागाच्या एक षोडशांशाहून लहान नसावी असा नियम आहे. तो करणारास रानांतला माणूस ठाऊक असावा.

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. तेथें पुरवणी मूळ कागदास जोडीत. पुरवणी आली म्हणून मूळ कागद कोणी फाडीत नसे. नवा चौकोन ही पुरवणी आहे. त्यांत सविस्तर माहिती द्या, न वाचणारासाठीं मराठींत बोलकी सूचना द्या, आणि जाहिरातहि खुशाल तेथेंच न्या. तेणेंकरून बाटलीवर जी जागा मोकळी होईल तींत विषाचें नांव, त्यावरील उतारा व फवारल्यावर शेतांत कधीं शिरावें हें ठळक मराठींत छापा. जागा पुरत नाहीं ही कंपन्यांची जुनी सबब होती. आतां तीहि उरली नाहीं.

तोंवर जमीनधारकांनीं एवढें तरी करावें: फवारणीच्या आदल्या रात्रीं चौकोन घरींच उघडावा, वेष्टन वाचावें व सकाळीं मजुरास बाटलीवरील रंग दाखवून तोंडीं समजावून द्यावें. मोबाईल आपला, आणि पंप त्याच्या पाठीवर, ही वांटणी आपणच केलेली आहे.

आम्हीं ती बाटली परत केली. दुकानदारानें कुरकुरत त्याच औषधाची दुसऱ्या कारखान्याची बाटली काढून दिली. तिच्यावर नवा चौकोन नव्हता. उताऱ्याची ओळ मात्र वाचतां येत होती.