उन्हाळा, दमट हवा आणि घरचीं जनावरें

सालाबादप्रमाणें वैशाखाचें ऊन तापूं लागलें कीं आमच्याकडे येणाऱ्या चौकशांचा रोख बदलतो. एरव्हीं बियाणें, खत आणि भाजीचा भाव यांविषयीं विचारणारे वाचक या दिवसांत जनावरांविषयीं विचारूं लागतात. आणि अलीकडे या चौकशांत गायीम्हशींइतकींच कुत्रीं-मांजरेंही असतात. यांत नवल कांहींच नाहीं. राई, मुर्धे, मोरवे, डोंगरी, उत्तन हीं गांवें आणि मूळचें भाईंदर यांच्या भोंवतीं इमारती उभ्या राहिल्या, २८ फेब्रुवारी २००२ रोजीं मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली, पुष्कळांच्या जमिनी गेल्या, पण जनावर पाळण्याची हौस गेली नाहीं. जेथें गोठ्यांत चार म्हशी होत्या तेथें आतां पांचव्या मजल्यावर एक कुत्रें आहे.

शेतकऱ्यांच्या मासिकानें हौशी लोकांच्या कुत्र्यांची उठाठेव कां करावी, असा प्रश्न आमच्या कांहीं जुन्या सभासदांस पडेल. आमचें उत्तर असें कीं, गोठ्याचें जें शहाणपण वाडवडिलांनीं जतन केलें होतें तें गोठा मोडतांना सामानाबरोबर नव्या घरीं आलें नाहीं. भर दुपारीं औत सोडावें, जनावर झाडाखालीं बांधावें, पाऊस पडण्याआधीं टोंचून घ्यावें, या गोष्टी ज्या घरांत कोणास सांगाव्या लागत नसत, त्याच घरांतील मुलें आज बारा वाजतां डांबरी रस्त्यावर कुत्र्यास ओढून नेतांना दिसतात. तेव्हां हा विषय आमच्याच अंगणांतील आहे.

आमच्या भागाची पहिली अडचण ही कीं येथें पारा माणसास फसवितो. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र, आंत मिठागरांचा पट्टा. त्यामुळें हवा सदा ओलाव्यानें भरलेली. विदर्भांत ४४ अंशांचें ऊन पडत असतां येथें ३५ अंश असतात, आणि आपण सुखी आहों असें आपणांस वाटतें. हवामानखातें मात्र या भ्रमांत नाहीं. मैदानी प्रदेशांत पारा निदान ४० अंशांवर गेल्याखेरीज तें उष्णतेच्या लाटेचा विचार करीत नाहीं. किनाऱ्यावर मात्र ३७ अंश झाले आणि ते नेहमीपेक्षां साडेचार अंशांनीं अधिक असले, कीं इशारा देतें. १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघर येथें उघड्या मैदानावरील समारंभास आलेल्यांपैकीं चौदा माणसें उष्माघातानें दगावलीं, त्या दिवशीं पारा ३८ अंशांच्या आसपासच होता. अंगभर घाम येणाऱ्या माणसाची जर ही अवस्था, तर ज्यास घामच येत नाहीं त्याची काय असेल याचा वाचकांनींच विचार करावा.

कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पायांच्या तळव्यांस असतात व त्यांचा उपयोग अत्यल्प. जीभ बाहेर काढून धापा टाकणें हाच त्याचा खरा उपाय. तोंडांतील ओलाव्याची वाफ होते आणि तिच्याबरोबर अंगांतील उष्णता जाते. परंतु हवाच ओलाव्यानें गच्च असेल तर वाफ होणार कशी? दोरीवर टाकलेलें लुगडें पावसाळ्यांत दोन दोन दिवस वाळत नाहीं, तीच गत आमच्याकडील मे महिन्यांत कुत्र्याच्या जिभेची होते. तें जितक्या जोरानें धापा टाकतें तितकें त्याचें अंग श्रमानें आणखी तापतें. म्हशीचेंही तसेंच. तिची कातडी काळी, केंस विरळ आणि घामाच्या ग्रंथी गायीच्या मानानें फार थोड्या. म्हणून ती डबक्यांत बसावयास धांवते. डबकें बुजवून तेथें इमारत उभी केली, तर डबक्याचें काम बादलीनें करणें मालकास भाग आहे. दिवसांतून दोन-तीन वेळां अंगावर पाणी आणि पिण्यास भरपूर पाणी, याखेरीज दुभती म्हैस या हवेंत दूध टिकवूं शकत नाहीं. कोंबड्यांस तर घामाच्या ग्रंथीच नसतात. त्यांच्या खुराड्यावर नुसता पत्रा असेल तर त्यावर पेंढा पसरून तो भिजवीत राहावें.

येथें एका सर्वत्र पसरलेल्या गैरसमजाविषयीं लिहिणें अवश्य आहे. बिऱ्हाडाला कुलूप लावून जातांना मालक सांगतात, "पंखा चालू ठेवला आहे." पंख्याचा वारा माणसास थंड लागतो तो त्याच्या घामामुळें. कोरड्या केंसांच्या कुत्र्यास त्या वाऱ्याचा लाभ फार थोडा. पोट, कांखा व पाय ओले करून मग पंख्याखालीं बसविल्यास मात्र तोच पंखा मोठें काम करतो. तीच गोष्ट कांचेनें बंद केलेल्या गॅलरीची. पश्चिमेच्या उन्हानें ती जागा भट्टीसारखी तापते, आणि घर स्वच्छ राहावें म्हणून कुत्र्यास नेमकें तेथेंच बांधलेलें असतें. घराची फरशी हीच त्याची योग्य जागा. पाण्याचें भांडें एक न ठेवतां दोन ठेवावींत, कारण एक तें हटकून उलथतें. नळाला ठराविक वेळींच पाणी येणाऱ्या या शहरांत ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

बंद मोटारींत जनावर ठेवूं नये हें आतां बहुतेकांस ठाऊक झालें आहे. परंतु इंग्लंडांतील पशुवैद्यांनीं जेव्हां आपल्याकडील कुत्र्यांच्या उष्माघातांची नोंद तपासली, तेव्हां मोटारीपेक्षां फिरविणें, पळविणें व खेळविणें यांमुळेंच कितीतरी अधिक कुत्रीं आजारी पडल्याचें दिसून आलें. थंड देशांत हें, तर आमच्या देशांत काय सांगावें! सूर्योदयाच्या सुमारास आणि रात्रीं रस्ता निवाल्यावर, एवढ्याच वेळा फिरण्याच्या. रस्ता निवाला कीं नाहीं हें हाताची पालथी बाजू क्षणभर डांबरावर टेंकून पाहावें. आपणांस जें सोसवत नाहीं तें त्याच्या तळव्यांसही सोसवत नाहीं.

आतां ज्याविषयीं लिहिल्यास कित्येकांचा राग होईल तें लिहितों. २००३ सालीं एका टेलिफोन कंपनीच्या जाहिरातींत एक चपट्या नाकाचें पग जातीचें कुत्रें झळकलें आणि तें घरोघरीं हवेंसें झालें. त्यामागून बर्फाच्या प्रदेशांतील दाट केंसांचे हस्कीही आले. चपट्या नाकाच्या जनावराची श्वासाची वाट मुळांतच अरुंद. ज्या धापेवर त्याचा जीव अवलंबून आहे तीच त्यास नीट टाकतां येत नाहीं. अशा जनावरास खाडीकांठच्या दमट हवेंत आणून ठेवणें म्हणजे हौसेचा भार मुक्या प्राण्यावर लादणें होय, असें आमचें स्पष्ट मत आहे. ज्यांनीं आणलें त्यांनीं तें जिवापाड सांभाळावें. जे आणूं पाहतात त्यांनीं दारचें गांवठी पिल्लूं घ्यावें. तें याच हवेंत पिढ्यान्‌पिढ्या वाढलें आहे, त्याचें नाक लांब आहे, केंस आंखूड आहेत, आणि तें फुकट मिळतें. (दाट केंसांचें जनावर उन्हाळ्यांत सरसकट भादरूं नये, तो थर उन्हापासून रक्षणही करतो. नित्य विंचरून मोकळे केंस काढणें पुरे.)

लक्षणें ओळखतां आलीं पाहिजेत. निरोगी कुत्र्याचें अंग १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतें. तें १०५ च्या वर गेलें, धाप थांबेना, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसूं लागल्या, चाल अडखळली किंवा उलटी झाली, तर घटकाभरही दवडूं नये. पुष्कळ लोक अशा वेळीं जनावर उचलून थेट दवाखान्याकडे धांवतात आणि काशीमिऱ्याच्या नाक्यावर गाड्यांच्या रांगेंत अडकतात. आधीं अंग निववावें, मग न्यावें, असा आतांच्या पशुवैद्यांचा सल्ला आहे. सावलींत घेऊन नळाचें पाणी अंगावर ओतीत राहावें आणि वारा घालावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवूं नये. थोड्याच वेळांत तो उष्णता आंत कोंडून धरतो. शुद्ध नसेल तर तोंडांत पाणी घालूं नये. जनावर सावरलेलें दिसलें तरी डॉक्टरांस दाखवावेंच, कारण मूत्रपिंडास व यकृतास पोंचलेली इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं उघडी होते.

परंतु हा सर्व आग लागल्यावरचा उपाय झाला. जनावर आडवें पडेपर्यंत डॉक्टरांची आठवण न होणें हा आमच्या समाजाचा जुना रोग आहे, आणि त्यावरचें औषध आमच्याच देशानें एकदां सिद्ध करून दाखविलें आहे. बुळकांडीनें ओस पडलेल्या गोठ्यांच्या गोष्टी जुन्या माणसांनीं ऐकल्या असतील. १८८९ सालीं पुण्यास जनावरांच्या रोगांच्या अभ्यासासाठीं सरकारी प्रयोगशाळा निघाली व १८९३ मध्यें ती हिमालयांत मुक्तेश्वर येथें नेण्यांत आली; तेथेंच पुढें बुळकांडीवर परिणामकारक लस तयार झाली. १९५४ पासून देशभर लस टोंचण्याची मोहीम चालली, आणि २०११ सालीं बुळकांडी पृथ्वीवरून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. यांतील एकही जनावर आजारी पडल्यावर औषध देऊन हा रोग गेलेला नाहीं. धडधाकट जनावरास धरून टोंचल्यानें गेला. त्या काळीं टोंचणाऱ्यास पाहून गुरें रानांत हांकून देणारे शेतकरी होते. आज "आमचें कुत्रें घराबाहेर जातच नाहीं, त्यास लस कशाला?" असें म्हणणारे सुशिक्षित आहेत. दोहोंत फरक आम्हांस फारसा दिसत नाहीं.

घरांतच राहणाऱ्या कुत्र्यासही गोचीड लागतात. गोचिडांपैकीं थोडेच कुत्र्याच्या अंगावर असतात. बाकीचे, अंडीं व पिलें धरून, भिंतीच्या भेगांत आणि अंथरुणाच्या शिवणींत असतात, व उष्ण दमट दिवसांत त्यांची वाढ झपाट्यानें होते. त्यांच्यापासून होणारा ताप रक्त नासवितो. म्हणून औषध अंगावर आणि घरांत, दोन्हीकडे पाहिजे. एक धोक्याची सूचना: कुत्र्याच्या गोचिडांवरील कांहीं औषधांत परमेथ्रिन असतें, तें मांजरास मारक आहे, आणि माणसाच्या तापावरची पॅरासिटामॉलची गोळी तर मांजरास कधींही देऊं नये. घरगुती वैद्यकीनें मांजर गमावूं नका.

पिसाळण्याच्या रोगाविषयीं अधिक लिहावयास नको. लक्षणें दिसल्यावर त्यास उपाय नाहीं, आणि मालकाचाही जीव जातो. तीन महिन्यांच्या वयास पहिली लस आणि पुढें दरवर्षीं एक, ही शिस्त कुत्रें व मांजर दोघांसही लागू आहे. उंदरांच्या मुतानें दूषित झालेल्या पाण्यांतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईकरांस चांगलाच परिचयाचा झाला. सखल भागांत पाणी तुंबणाऱ्या आमच्या शहरांत कुत्र्यास त्याची लस पावसाआधीं मिळालीच पाहिजे. ज्यांच्याकडे अद्याप गुरें आहेत त्यांनीं घटसर्प व फऱ्या यांची टोंचणी मे महिन्यांत उरकावी. लाळ्या-खुरकुताची लस २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमांत वर्षांतून दोनदां शासनाच्या खर्चानें दिली जाते. ती चुकविण्यास कोणतीही सबब नाहीं.

आमची सूचना अशी आहे. महानगरपालिका, पशुसंवर्धन खातें आणि गृहनिर्माण संस्था यांनीं मिळून दरवर्षीं उन्हाळ्यांत वस्तीवस्तींतून टोंचणीचे दिवस नेमावेत. त्यांत पाळलेल्या कुत्र्यामांजरांबरोबर इमारतीच्या दारांतील बेवारशी कुत्र्यांसही पिसाळण्याची लस द्यावी, कारण साथ गळपट्टा पाहून येत नाहीं. गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांत कुत्र्यांवरून भांडणें पुष्कळ होतात. त्याच सभेंत एक तारीख ठरविणें कठीण नसावें. आमच्या मंडळानें गांवठाणांतील गोठ्यांची व घरांची यादी करून देण्याचें काम पत्करावें, असा ठराव आम्ही पुढील बैठकींत मांडणार आहों. तारीख मात्र जून महिन्याची नको. लस टोंचल्यावर अंगांत बळ येण्यास दोन-तीन आठवडे लागतात, आणि लेप्टोस्पायरोसिसच्या पहिल्या वर्षीं तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें दोन टोंचण्या घ्याव्या लागतात. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतें; त्यावरून मागें मोजलें असतां पहिली टोंचणी एप्रिलच्या अखेरीस आणि दुसरी मेच्या तिसऱ्या आठवड्यांत पडते.