हिऱ्याच्या विजेचा हिशेब

जून २०२३ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जिल बायडन यांना प्रयोगशाळेत घडवलेला साडेसात कॅरेटचा हिरा भेट दिला. सौर आणि पवन ऊर्जा वापरून तो तयार केल्याचे सांगण्यात आले आणि त्यासोबत एक आकडा देशभरच्या बातम्यांत झळकला : प्रतिकॅरेट कार्बन उत्सर्जन अवघे ०.०२८ ग्रॅम. भेटीच्या औचित्याविषयी मला काही म्हणायचे नाही. आकड्याविषयी मात्र म्हणायचे आहे, कारण हाच आकडा प्रयोगशाळेतील हिरे विकणाऱ्यांच्या प्रचारात वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि तो तपासून पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

तपासणी अवघड नाही. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि हिरा म्हणजे जवळजवळ निव्वळ कार्बन. याचा अर्थ, हिऱ्याच्या स्वतःच्या वजनाच्या सातव्या हिश्शाइतकेच उत्सर्जन ही सारी प्रक्रिया करते, असा हा दावा आहे. आता वीज पाहू. आपल्या देशात ग्रीडमधून येणाऱ्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो, म्हणजे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. ०.०२८ ग्रॅमच्या मर्यादेत राहून नऊ वॉटचा एक एलईडी दिवा सोळा सेकंद जळेल, इतकीच वीज वापरता येईल. सगळी वीज सौर आहे असे मानले, आणि सौरपटल घडवण्यात झालेले उत्सर्जन प्रतियुनिट सुमारे ४० ग्रॅम धरले, तरी तो दिवा पाच मिनिटेही पेटता राहणार नाही. एवढ्या विजेत हिरा तयार होत नाही.

तो कसा तयार होतो हे पाहिले की विजेची भूक लक्षात येते. एका पद्धतीत भूगर्भाची नक्कल केली जाते. वातावरणाच्या पन्नास-साठ हजार पट दाब, तेराशे ते सोळाशे अंश सेल्सिअस तापमान आणि वितळलेल्या धातूतून बीजावर जमणारा कार्बन. १९५४ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत हे साधले. पद्धतीचे नाव एचपीएचटी. दुसरी पद्धत सीव्हीडी. निर्वात कक्षात हिऱ्याच्या पातळ चकत्या बीज म्हणून ठेवतात, हायड्रोजन आणि मिथेन सोडतात आणि मायक्रोवेव्हच्या साहाय्याने त्या वायूंचा प्लाझ्मा करतात. मिथेनमधील कार्बन थरांमागून थर बीजावर बसत जातो. हे काम आठवडेच्या आठवडे, रात्रंदिवस चालते. मध्येच वीज गेली तर स्फटिकात दोष राहतो आणि तोवरची मेहनत वाया जाऊ शकते.

एका कच्च्या कॅरेटमागे किती युनिट लागतात, हे यंत्र, पद्धत आणि कारखाना यांनुसार बरेच बदलते. चांगल्या एचपीएचटी यंत्रांत तीस युनिटांच्या आसपास, तर सीव्हीडीत शंभरच्या आसपास आणि कधी त्याहूनही अधिक. शंभर युनिट धरले तर आपल्या ग्रीडवर ७० किलो कार्बन डायऑक्साइड झाला. पैलू पाडताना कच्च्या हिऱ्याचे वजन निम्मे किंवा त्याहूनही कमी उरते, म्हणून अंगठीतल्या एका कॅरेटमागे हा आकडा दुप्पट होतो. तीच वीज खरोखर सौर असेल, तर कच्च्या कॅरेटमागे चार किलोच्या जवळपास. चार किलो हा उत्तम आकडा आहे. प्रामाणिकपणे छापला असता तर त्याची लाज वाटण्याचे काही कारण नव्हते. पण तो ०.०२८ ग्रॅमच्या लाखपटीहूनही मोठा आहे.

हा छोटा आकडा २०१४ च्या फ्रॉस्ट अँड सुलिव्हन या सल्लागार संस्थेच्या अहवालात आढळतो. त्यात खाणीतल्या हिऱ्यामागे प्रतिकॅरेट ५७ किलोहून अधिक कार्बन दाखवला होता. २०१९ मध्ये ट्रूकॉस्ट या संस्थेचा अहवाल आला आणि त्याने पारडे नेमके उलटे फिरवले. त्यानुसार पैलूदार कॅरेटमागे खाणीचा हिरा १६० किलो, तर प्रयोगशाळेतला ५११ किलो. हा अहवाल कोणासाठी तयार झाला? डी बिअर्स, अलरोसा यांसारख्या बड्या खाणमालकांच्या संघटनेसाठी. पाच वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन अहवालांत जमीन-अस्मानाचा फरक असावा आणि दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचा अहवाल मिरवावा, याला विज्ञान म्हणणे कठीण आहे.

खाणवाल्यांची बाजू कार्बनच्या तराजूत बरी दिसते, याचे एक कारण तराजूच अपुरा आहे. दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली येथे १८७१ ते १९१४ या काळात माणसांनी कुदळ-फावड्यांनी सुमारे सव्वादोन कोटी टन माती-दगड उपसले. हाती आले २,७२० किलो हिरे. तो खड्डा आजही तेथे आहे, पर्यटक तिकीट काढून तो पाहतात. या खड्ड्याचे कार्बन उत्सर्जन विचारले तर ते फारसे निघणार नाही, कारण घाम डिझेलमध्ये मोजत नाहीत.

आपल्या देशातला दाखला बुंदेलखंडातला आहे. मध्य प्रदेशच्या छतरपूर जिल्ह्यात बक्सवाहाच्या जंगलाखाली सुमारे ३.४ कोटी कॅरेट हिरे असल्याचा अंदाज आहे. रिओ टिंटो कंपनी तेथून २०१७ मध्ये बाहेर पडली. २०१९ च्या लिलावात प्रकल्प बिर्ला समूहाच्या एस्सेल मायनिंगकडे गेला. त्यासाठी सुमारे ३८२ हेक्टर वनजमीन आणि मोजून २,१५,८७५ झाडे जाणार होती. ३.४ कोटी कॅरेट म्हणजे ६,८०० किलो, एका ट्रकात मावेल इतका माल. या जंगलातला मोह आणि तेंदूपत्ता वेचून आसपासच्या गावांचा प्रपंच चालतो, आणि खडकांवर प्राचीन चित्रे आहेत. त्या शैलचित्रांचा प्रश्न न्यायालयात गेल्यावर मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये खाणकामाला स्थगिती दिली. शेजारच्या पन्ना जिल्ह्यातली मझगवाँ ही देशातली एकमेव यांत्रिक हिऱ्याची खाण व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. त्या प्रकल्पातले वाघ २००९ पर्यंत नाहीसे झाले होते आणि बाहेरून वाघ आणून त्यांची वस्ती पुन्हा उभी करावी लागली. वाघ गेले ते प्रामुख्याने शिकारीमुळे; त्याचे खापर खाणीवर फोडणे योग्य नव्हे. पण अशा नाजूक भूमीत प्रत्येक एकराची किंमत किती, हे त्यातून कळावे.

तेव्हा दोहोंपैकी एकाची निवड करायची झाली, तर माझे मत प्रयोगशाळेच्या बाजूला झुकते. कारण साधे आहे : कारखान्याची वीज बदलता येते, उपसलेले जंगल परत आणता येत नाही. बोट्स्वानासारख्या देशाने हिऱ्यांच्या उत्पन्नावर शाळा आणि दवाखाने उभे केले, हे मला ठाऊक आहे आणि त्या देशाला हा युक्तिवाद रुचणार नाही, हेही समजते. पण बक्सवाहाच्या बाबतीत तसा विचार करण्याचे कारण मला दिसत नाही.

मात्र ‘वीज बदलता येते’ आणि ‘वीज बदलली आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. आपल्याकडची सुमारे तीन-चतुर्थांश वीज अजूनही कोळशावर बनते. कारखान्याने छपरावर किंवा दूर कुठे सौरपटल बसवले, तरी सूर्य मावळल्यावर भट्टी बंद ठेवता येत नाही. दिवसा जास्तीची वीज ग्रीडला द्यायची, रात्री ग्रीडमधून घ्यायची आणि वर्षअखेरीस बेरीज-वजाबाकी शून्य दाखवायची, असा हिशेब कागदावर जुळतो. रात्रीचा कोळसा मात्र जळालेला असतो. शिवाय दर कोसळले की लोक अधिक आणि मोठे हिरे घेतात, म्हणजे प्रतिकॅरेट वीज घटली तरी एकूण वीज वाढू शकते. या कोसळत्या दरांची झळ सुरतेत पोहोचलीच आहे. जगातले दहापैकी नऊ हिरे ज्या शहरात पैलू घेतात, तेथला घंटीवर बसणारा रत्नकलाकार नगावर मजुरी घेतो, आणि स्वस्त हिऱ्याच्या नगाला मोल देताना मालकाचा हात आखडतो. ‘हिरवा’ या शब्दात त्याचा विचार कोणी धरत नाही.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्येच काही विक्रेत्यांना पत्रे लिहून, ‘पर्यावरणस्नेही’ असा सरसकट दावा पुराव्याविना करू नका, असे बजावले होते. आपल्याकडेही ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांचा वापर हिऱ्यांच्या बाबतीत करून पाहावा. हिऱ्यासोबत जे प्रमाणपत्र मिळते, त्यावर वजन, रंग, शुद्धता यांच्या नोंदी असतात. त्यांच्याखाली आणखी दोन ओळी सहज बसतील : या कॅरेटला किती युनिट लागले आणि ते कोठून आले. खाणीच्या हिऱ्यालाही तोच नियम लावावा. तेथे युनिटांबरोबर लिटरभर डिझेल आणि हेक्टरभर जमीन लिहावी लागेल.

आणि या कामाची सुरुवात कोठून करावी, हेही उघड आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी प्रयोगशाळेतील हिऱ्यांच्या संशोधनासाठी पाच वर्षांचे अनुदान जाहीर केले, बीजांवरचे सीमाशुल्क माफ केले आणि आयआयटी मद्रासला सुमारे २४३ कोटी रुपयांचा प्रकल्प मिळाला. तो व्हायलाच हवा होता. तांब्याच्या पाचपट उष्णता वाहून नेणारा हिरा उद्याच्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी दागिन्याहून कितीतरी मोलाचा ठरेल. पण हा पैसा करदात्याचा आहे. त्या प्रकल्पातल्या प्रत्येक यंत्राचे प्रतिकॅरेट वीजमापन दर वर्षी जाहीर करावे, एवढी मागणी संसदेतल्या कोणत्याही सदस्याला एका प्रश्नाद्वारे करता येईल.