कायदा आणि कुटुंब : दोन पासपोर्ट, एक नागरिकत्व

इतवारीतील आमच्या एका स्नेह्यांच्या चिरंजीवांनी गेल्या महिन्यात अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली. घरी पेढे वाटले गेले. 'भारताचा पासपोर्टही कपाटात आहेच; दोन्ही राहतील,' असे वडील समाधानाने सांगत होते. आनंदाच्या प्रसंगी त्यांची समजूत दुरुस्त करणे जिवावर आले. पण ते आवश्यक होते.

आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ९ मध्ये हे तत्त्व आहे आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे कलम ९ ते अधिक स्पष्ट करते : जो स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व स्वीकारतो, त्याचे भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपते. त्यासाठी नोटीस लागत नाही की अर्ज लागत नाही. कपाटातला पासपोर्ट तेव्हापासून निरुपयोगी ठरतो. त्यावर प्रवास करणे गुन्हा आहे. केवळ ग्रीन कार्ड घेणाऱ्याचे भारतीयत्व मात्र अबाधित राहते.

या निवडीचे मोल गोव्याने जवळून पाहिले आहे. १९६१ च्या मुक्तीनंतर, १९६२ च्या आदेशाने तेथील रहिवासी भारतीय नागरिक मानले गेले. ज्यांना पोर्तुगीज नागरिकत्व राखायचे होते, त्यांनी महिनाभरात तसे लिहून द्यायचे होते. फादर मोंतेरो यांनी तसे लिहून दिले आणि ते गोव्यातच राहिले. निवासाचा परवाना संपला, त्यांनी तो वाढवून घेतला नाही, आणि परकीय म्हणून त्यांच्यावर खटला झाला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा कायम केली. स्वतःच्याच भूमीत ते कायद्याने परके ठरले होते. त्यांनी निदान समजून-उमजून निवड केली होती. आपली मुले पुष्कळदा न कळत करतात.

परकीय नागरिक झालेल्या मुलाला 'ओसीआय' कार्ड मिळू शकते. आजन्म व्हिसाची सोय होते, घर-दुकान विकत घेता येते. परंतु मतदानाचा अधिकार नाही, निवडणूक लढविता येत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागा असलेल्या कुटुंबांनी येथे विशेष लक्ष द्यावे. अशा मुलाच्या नावे शेतीचे बक्षीसपत्र करता येत नाही. वारसाहक्काने मात्र ती त्याला मिळू शकते. म्हणून वडिलांनी मृत्युपत्र वेळीच आणि नीट करून ठेवावे.

शपथ झाली असल्यास भारतीय पासपोर्ट रीतसर परत करून त्याचा दाखला घ्यावा. ओसीआयच्या अर्जास तो लागतो. परतीचा मार्गही कायमचा बंद नसतो. ओसीआय नोंदणीस पाच वर्षे झाल्यावर आणि अर्जापूर्वी वर्षभर भारतात वास्तव्य केल्यास पुन्हा नागरिकत्व मागता येते. तेव्हा परदेशाचे सोडावे लागते.

पेढीत नवा भागीदार घेताना आपण चार वेळा बसून बोलतो. मुलाने शपथेचा दिवस ठरविण्यापूर्वीही आई-वडील, सून आणि तो स्वतः, सर्वांनी तसेच एकदा बसावे. निर्णय कोणताही असो, तो जाणून घेतलेला असावा.